बॉम्ब एकाला दिसतो, पुस्तिका दुसऱ्याकडे असते

'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स' या 2015 सालच्या व्हिडिओ गेममध्ये एकाच्या पडद्यावर बॉम्ब असतो आणि तो निकामी करायची पुस्तिका दुसऱ्याच्या हातात. एकमेकांचं बघायचं नाही, फक्त बोलायचं. "तीन वायरी आहेत, लाल एकही नाही." "मग दुसरी काप." इथवर सोपं. पुढे मात्र अशी चिन्हं येतात ज्यांना धड नावंच नाहीत. "उलटा सी आहे, मध्ये ठिपका." "उलटा म्हणजे कुठल्या बाजूला उघडा?" घड्याळ पळत असतं.

स्वमग्न (ऑटिस्टिक) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि चंचलता आवरणं अवघड जाणं) असलेल्या अनेक मुलांना शाळेत सगळ्यात अवघड जाते ती मधली सुट्टी. बोलायला सुरुवात कुणी करायची, आपली पाळी कधी, समोरचा थट्टा करतोय की टोमणा मारतोय, याचे नियम कुठेही लिहिलेले नसतात. अशा गेममध्ये विषय ठरलेला, पाळी ठरलेली, बोलायला कारणही आयतंच. शिवाय सगळ्यांच्या नजरा पडद्यावर, त्यामुळे डोळ्याला डोळा भिडवण्याची सक्ती नाही.

प्रत्येकाला थोडीच माहिती देऊन एकमेकांची गरज लावायची, ही युक्ती पडद्याहून जुनी आहे. 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात कृष्णवर्णीय, गोरी आणि लॅटिनो मुलं नव्याने एका वर्गात आली आणि भांडणं सुरू झाली. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक वाटला. आता ज्याला कालपर्यंत हिणवलं, त्याचं ऐकल्याशिवाय धडाच पुरा होईना. नुसतं शेजारी बसवून मैत्री होत नाही. समान दर्जा आणि एकत्र गाठायचं ध्येय लागतं, हे गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच मांडलं होतं.

मला खटकतं ते अशा खेळांना 'सामाजिक कौशल्यांचं औषध' म्हणणं. त्यात दुरुस्ती एकाच मुलाची करायची, हे गृहीत असतं. स्वतः स्वमग्न असलेले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये म्हटलं की न समजणं दुहेरी असतं: स्वमग्न माणसाला इतर कळत नाहीत, तसा इतरांनाही तो कळत नाही. 2020 मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी आठ-आठ प्रौढांच्या साखळ्या करून एकाकडून दुसऱ्याकडे गोष्ट सांगायला लावली. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली, जितकी एकही स्वमग्न नसलेल्या साखळीत. जास्त गळती झाली ती मिश्र साखळीत. म्हणजे गोची दोघांच्या मधे आहे. बॉम्बच्या खेळात 'ठिपका' नीट सांगायला एक शिकतो, तेव्हा नीट विचारायला दुसराही शिकतोच.

अर्थात कुठलाही सहकारी खेळ चालेल असं नाही. 'ओव्हरकुक्ड'मध्ये स्वयंपाकघर पेटतं, ऑर्डरी साचतात, आरडाओरडा होतो. आवाज सहन न होणाऱ्या मुलासाठी ती शिक्षाच. या गेमच्या 2020 च्या आवृत्तीत वेळ वाढवून देणारी मदतीची सोय आहे, ती खुशाल वापरावी. दुसरा धोका पटाईत खेळाडूचा. तो सगळी सूत्रं हातात घेतो आणि बाकीचे बघे होतात. म्हणून भूमिका बदलत्या ठेवाव्या लागतात. डॅनिएल लगॉफ यांनी 2004 मध्ये मांडलेल्या लेगो ठोकळ्यांच्या उपक्रमात हेच होतं: एक आराखडा वाचून सांगणारा, एक तुकडे पुरवणारा, एक जोडणारा, आणि मग अदलाबदल.

या विषयावरचे बरेच अभ्यास छोट्या गटांवरचे आहेत, त्यामुळे खेळातली गट्टी वर्गाबाहेरही टिकेल असं धरून चालू नये. मात्र मुलांचा अनुभव सांगणारी जागा एक आहे. स्वमग्न मुलांसाठी स्टुअर्ट डंकन यांनी 2013 मध्ये 'ऑटक्राफ्ट' हा माइनक्राफ्ट या ठोकळे रचायच्या व्हिडिओ गेमचा वेगळा सर्व्हर, म्हणजे ऑनलाइन एकत्र खेळायची जागा, सुरू केला. तिथे छळाला थारा नाही, आणि जीव घाबरा झाला तर शांत व्हायला खेळातच जागा आहे. वर्गात गेम लावणाऱ्यांनी एवढं तरी उचलावं: हेडफोन काढून मधेच उठायची मुभा, कारण न विचारता, आणि परतल्यावर त्याची भूमिका त्यालाच.