टेंगूळ (लहान मुलांच्या डोक्यावरचं)

डोकं आपटल्यावर कातडीखाली रक्त साठून जो फुगवटा येतो त्याला टेंगूळ म्हणतात. चालायला शिकणाऱ्या पोरांना ते सारखं येतं, कारण या वयात अंगाच्या मानानं डोकं मोठं आणि जड असतंय, तोल गेला की आधी तेच आपटतं. कोल्हापुरात पेठेतल्या जुन्या घरांचे दगडी उंबरठे, उभे जिने, ओली शहाबादी फरशी आणि घरोघरी असलेला दिवाण, इथंच पोरं जास्त पडतात.

डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या भरपूर आणि खाली लगेच कवटीचं हाड, त्यामुळं फुटलेल्या वाहिनीतलं रक्त बाहेरच्या बाजूला फुगतं आणि दोन-चार मिनिटांत लिंबाएवढं टेंगूळ दिसायला लागतं. आईचा जीव जातो. पण टेंगळाच्या आकारावरून आत मेंदूला किती मार लागलाय ते कळत नाही, त्यासाठी पोरगं वागतंय कसं, वय किती आणि टेंगूळ कुठं आलंय हे बघायचं. कपाळावरचं बहुतेक वेळा साधं असतं, एक-दोन दिवसांनी रक्त खाली उतरून डोळ्याभोवती काळंनिळं झालं तरी सहसा आपोआप जातं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला कानाच्या वर किंवा मागच्या बाजूला मऊ, लिबलिबीत सूज आली तर मात्र हाड मोडलेलं असू शकतं, बाळ हसतंय म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

घरात कोणीतरी तेल लावून जोरात चोळतं, कोणी वाटी दाबतं. चोळल्यानं रक्त आणखी साठतं. हळद-चुन्याचा लेप तर कपाळावर नकोच, चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. फ्रीजमधली गोकुळ दुधाची पिशवी रुमालात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं हलकेच धरा, बर्फ थेट कातडीला लावू नका. दुखत असेल तर वजनाप्रमाणं पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही.

रडून दमलेलं पोरगं झोपलं तर झोपू दे, फक्त मधे एक-दोनदा उठवून नीट ओळखतंय का बघा. २४ ते ४८ तास लक्ष ठेवायचं. शुद्ध हरपणं, सारख्या उलट्या, झटके, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, उठवूनही न उठणं, हातपाय लुळे पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा, नाहीतर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला थेट घेऊन जा.

प्रत्येकाला सीटी स्कॅन लागत नाही, त्यात किरणांचा डोस असतो. अमेरिकेत ४२ हजारांवर मुलांचा अभ्यास करून २००९ साली सीटी कुणाला टाळता येतो याचे नियम आले, डॉक्टर त्याच धर्तीवर विचारतात: किती उंचीवरून पडलं, कशावर आपटलं, लगेच रडलं का. पडताना ज्यानं बघितलं त्यालाच सोबत न्या.