कृषिविषयक संसदीय स्थायी समिती

शेती, पशुसंवर्धन, मत्स्यव्यवसाय, अन्नप्रक्रिया आणि सहकार या खात्यांचा खर्च, धोरणे व विधेयके तपासणारी संसदेची समिती. लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे तिचे ३१ सदस्य असतात. नेमणूक लोकसभेचे अध्यक्ष व राज्यसभेचे सभापती करतात. मुदत एक वर्षाची. मंत्र्याला या समितीवर घेत नाहीत आणि सदस्य मंत्री झाला की त्याचे सदस्यत्व संपते. खात्याच्या रोजच्या कारभारात समितीने लक्ष घालायचे नसते.

अशा समित्यांची सुरुवातच शेतीपासून झाली. १९८९ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पहिल्या तीन विषय समित्या नेमल्या, त्यांतली एक शेतीची होती. १९९३ मध्ये सगळ्या खात्यांसाठी मिळून १७ स्थायी समित्या झाल्या, २००४ मध्ये २४.

समितीचे मुख्य काम अर्थसंकल्पानंतर सुरू होते. सभागृहाला सुट्टी लागते आणि समित्या खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी मागितलेले पैसे, तपासायला बसतात. कृषी व शेतकरी कल्याण विभागाची मागणी क्रमांक १ असते. तो शेतीचा मान समजून कोणी हुरळून जाऊ नये, इंग्रजी वर्णक्रमात शेती आधी येते इतकेच. बैठक बंद दाराआड होते. समोर मंत्री नसतो, खात्याचे सचिव आणि त्यांचे अधिकारी असतात. गेल्या वर्षी दिलेले पैसे का उरले, अमुक योजनेचे उद्दिष्ट निम्म्यावरच का राहिले, असे प्रश्न होतात. तोंडी उत्तर जमले नाही की ‘लेखी पाठवतो’ म्हणून सुटका होते, आणि ते लेखी उत्तर पुढे अहवालात छापून येते. सभागृहात पक्षाच्या ओळीत बोलणारे खासदार या खोलीत पुष्कळदा आपल्या जिल्ह्याच्या बाजूने बोलतात, कारण समोर कॅमेरा नसतो.

अहवालातल्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. मात्र तीन महिन्यांत उत्तर द्यावे लागते. मग समिती त्या उत्तरांची प्रतवारी करते: सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, उत्तर पटल्यामुळे सोडून दिलेल्या, उत्तर न पटल्यामुळे पुन्हा केलेल्या आणि अंतिम उत्तर यायचे बाकी असलेल्या. घाईत असलेल्या वाचकाने फक्त तिसरा वर्ग वाचावा, खरे भांडण तिथे असते.

पुणे जिल्ह्यातून पाहिले की या रचनेची मोठी खोच ध्यानात येते. खेड-चाकणच्या कांद्याची निर्यातबंदी वाणिज्य मंत्रालय काढते, निर्यातशुल्क अर्थ मंत्रालय लावते आणि साठ्यासाठी कांदा खरेदी करतो तो ग्राहक व्यवहार विभाग. खेडला, म्हणजेच राजगुरुनगरला, कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, तेवढे मात्र कृषी समितीच्या कक्षेत येते. म्हणजे कांद्याचे बी तिच्याकडे आणि भाव दुसऱ्यांकडे. उसाचेही तेच. रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, केंद्राचा अन्न विभाग पाहतो आणि त्याची तपासणी अन्न व ग्राहक व्यवहारांची वेगळी समिती करते. खत रसायन व खतांच्या समितीकडे, पीककर्जाची बँक अर्थ समितीकडे. दूध मात्र कृषी समितीचे. बारामती-दौंडच्या एखाद्या घरात ऊस, दोन जर्सी गाई आणि थोडा कांदा असेल, तर त्या घराचा संसार दिल्लीत निदान चार समित्यांत वाटला गेलेला असतो.

शिवाय भाव ठरवणारे बहुतेक निर्णय विधेयक म्हणून येतच नाहीत. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यात बंद झाली, मे २०२४ मध्ये अटींसह सुरू झाली आणि १ एप्रिल २०२५ ला शुल्क गेले. हे सगळे अधिसूचनांवर झाले. हमीभाव हा कृषी मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून घेतलेला सरकारी निर्णय आहे, त्यामागे कायदा नाही. एफआरपीला त्या मानाने कायद्याचा आधार आहे: १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनाला ३,५५० रुपये ठरले. हा दर कारखान्याच्या गेटवरचा, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारा आकडा निराळाच असतो. थकबाकीदार कारखान्यावर ‘आरआरसी’, म्हणजे महसुली वसुलीचे प्रमाणपत्र, काढणारे साखर आयुक्तालय शिवाजीनगरच्या साखर संकुलात आहे. वसुली पुढे जिल्हाधिकाऱ्याने महसुली थकबाकीसारखी करायची असते. हंगाम संपला की शेतकरी संघटनांची निवेदने आणि ठिय्या आंदोलने याच दारात येतात. दिल्लीच्या समितीचा पत्ता त्यांतल्या फारच थोड्यांना लागतो.

विधेयकांवरची चर्चा हे समितीचे दुसरे काम. २००४ चे बियाणे विधेयक तिच्याकडे आले होते. २००६ च्या अहवालात समितीने शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, देवघेवीचा आणि विकण्याचा हक्क जपण्यावर भर दिला. विधेयक पुढे मंजूर झालेच नाही. २०१२ चा जनुकीय बदल केलेल्या पिकांवरचा अहवाल त्याहून गाजला. बासुदेब आचार्य अध्यक्ष होते. समितीने विदर्भात जाऊन कापूस उत्पादकांची गाऱ्हाणी ऐकली आणि अशा पिकांच्या शेतातल्या चाचण्या थांबवाव्यात असे एकमताने सांगितले. त्या वेळी कृषिमंत्री बारामतीचे शरद पवार होते. त्यांचे मत चाचण्यांच्या बाजूचे, त्यामुळे समिती आणि खाते यांचे सूर काही जुळले नाहीत.

विधेयक आले की समिती वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांची मते मागवते. निवेदन इंग्रजीत किंवा हिंदीत पाठवायचे असते, अहवालही त्याच दोन भाषांत निघतो. जुन्नरच्या शेतकऱ्याने मराठीत लिहिलेले चार मुद्दे दिल्लीला पोचायचे तर मधे कोणीतरी ते भाषांतरित करणारा हवा, आणि भाषांतर करणारा बहुधा पुण्यात राहणारा असतो.

समितीचे नाव सर्वाधिक निघाले ते मात्र तिच्याकडे न आलेल्या विधेयकांमुळे. जून २०२० मध्ये तीन कृषी अध्यादेश निघाले. सप्टेंबरमध्ये ती विधेयके संसदेत आली आणि स्थायी समितीकडे न पाठवता मंजूर झाली. प्रवर समितीकडे (एका विधेयकापुरत्या नेमलेल्या समितीकडे) पाठवण्याची मागणी राज्यसभेत झाली होती. २० सप्टेंबरला गोंधळात आवाजी मतदान झाले आणि दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. एका कायद्याने बाजार समितीच्या आवाराबाहेरच्या व्यवहाराला सेस माफ केला होता. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हा प्रश्न पुस्तकी नव्हता. तिथे शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर, डागांची (पोत्या-गोण्यांची) संख्या, वजन आणि भाव असतो, त्याखाली हमाली, तोलाई आणि मोटारभाडे. पट्टीवरच्या ओळीओळीमागे कोणाचे तरी पोट असते. महाराष्ट्रातले शेतकरीही एका बाजूला नव्हते. शेतकरी संघटनेने कायद्यांचे स्वागत केले, किसान सभेने विरोध केला. शरद जोशी यांनी ज्या चाकणच्या कांद्यावर आपल्या आंदोलनाचा पाया घातला, तिथल्या शेतकऱ्याला बाजार समितीची मक्तेदारी जाचत होतीच. हीच बाजू समितीपुढे मांडता आली असती, आणि विरोधातलीही. तेवढी सवड दिली असती तर शेतकऱ्यांना आंदोलन करत दिल्लीच्या सीमेवर वर्ष काढावे लागले नसते, असे म्हणायला जागा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कायद्यांना स्थगिती देऊन स्वतःची समिती नेमली. शेतकरी संघटनेचे अनिल घनवट तिच्यावर होते. समितीने मार्चमध्ये अहवाल दिला. तो बंद पाकिटातच राहिला, आणि नोव्हेंबरमध्ये कायदे रद्द झाले. पुढच्या वर्षी घनवट यांनी तो स्वतः जाहीर केला. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के.

आधी चौकशी आणि मग कायदा, हा क्रम पुण्याच्या परिसराला जुना ओळखीचा आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि कर्जाची कागदपत्रे जाळली. सरकारने आयोग नेमला, त्याचा अहवाल आला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुण्याचे न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे त्याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले. उलट उदाहरण १९०१ चे आहे. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात जमीन महसूल दुरुस्ती विधेयक आले. त्यावर आधी लोकांची मते घ्यावीत, ही मागणी फेटाळली गेली, तेव्हा फिरोजशहा मेहता सभात्याग करून बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर गोपाळ कृष्ण गोखलेही.

अठराव्या लोकसभेत चरणजितसिंग चन्नी समितीचे अध्यक्ष झाले. डिसेंबर २०२४ मधल्या अहवालात समितीने हमीभावाला कायद्याचे बंधन द्यावे, दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पीकविमा सार्वत्रिक करावा आणि खात्याच्या नावात शेतमजुरांनाही घ्यावे अशा शिफारशी केल्या. पीएम-किसानची रक्कम वर्षाला ६,००० वरून १२,००० करावी, असेही सुचवले. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ती ६,००० च राहिली. महाराष्ट्राने २०२३ पासून नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी ६,००० द्यायचे ठरवलेले आहे. त्यामुळे समितीने मागितलेला बारा हजारांचा आकडा पुण्यातल्या पात्र शेतकऱ्याच्या पासबुकात दोन सरकारांच्या दोन वेगळ्या नोंदींची बेरीज म्हणून दिसतो.