गिऱ्हाईक-सेवा आणि दुकानाची पत

पत (व्यापारातील) : दुकानाच्या किंवा पेढीच्या नावावर लोकांचा जो भरवसा बसतो आणि ज्यापायी जुने गिऱ्हाईक पुन्हा त्याच दारात येते, तो भरवसा. हिलाच नावलौकिक किंवा गुडविल म्हणतात. जुनी गिऱ्हाइके जुन्याच जागी येत राहण्याचा संभव, अशा अर्थाची तिची व्याख्या इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांनी १८१० मध्ये केली. भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम १४ नुसार पत ही पेढीची मालमत्ता आहे. सरासरी वार्षिक नफा ४ लाख रुपये असेल आणि ३ पट धरायचे ठरले, तर तिचे मोल १२ लाख होते. मात्र स्वतः कमावलेली पत ताळेबंदात दाखवता येत नाही. विकत घेतलेली तेवढी दाखवतात.

जळगाव, धुळे, नंदुरबार या खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांत शेतीचा पैसा हंगामाला हातात येतो, म्हणून बराच व्यवहार उधारीवर चालतो. दुकानदार शेतकऱ्याची पत पाहून उधार देतो आणि शेतकरीही दुकानाची पत पाहूनच पायरी चढतो. ही दुसरी पत विक्रीच्या दिवशी फारशी ठरत नाही. माल बिघडल्यावर दुकानदार कसा वागतो, त्यावर ती ठरते.

ठिबक संचाच्या धंद्यात हे लख्ख दिसते. रावेर-यावल पट्ट्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. मृगबागेचे (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीचे) घड तेव्हा पोसत असतात, कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) वाढीला लागलेली असते आणि दोन दिवस पाणी तुटले तरी बाग मान टाकते. अशा वेळी ‘कंपनीचा माणूस येईल, भाऊ’ हे उत्तर दुकानाला सर्वांत महाग पडते. जाणता दुकानदार फोनवरच तीन गोष्टी विचारतो: मोटार चालू आहे का, फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या मीटरवर दाब किती, आणि एकच ओळ कोरडी आहे की सगळा प्लॉट. एकच ओळ असेल, तर बहुधा उंदराने किंवा खारीने नळी कुरतडलेली असते. दोन मीटरमध्ये फरक वाढला असेल, तर फिल्टर तुंबलेला. ओळींच्या टोकाला पाणी कमी पडत असेल, तर ड्रिपरमध्ये (नळीतून थेंब सोडणाऱ्या तोंडात) क्षार किंवा गाळ साचल्याचा संशय घ्यावा. त्यानुसार जॉइनर, एंड कॅप, फिल्टरची जाळी आणि रबर रिंग पिशवीत टाकूनच माणूस निघतो. एका रिंगेसाठी दुसरा फेरा झाला की दिवस गेला. क्षारांसाठी आम्ल-प्रक्रिया करतात. पाण्याचा सामू (पीएच, आम्लता दाखवणारा आकडा) ४ पर्यंत उतरवून ते नळ्यांत २४ तास ठेवायचे आणि मग टोके उघडून धुवायचे. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही. सामू मोजायची पट्टी न देता नुसता आम्लाचा कॅन विकणे हा मोठा निष्काळजीपणा आहे.

जळगावच्या सराफ बाजारात हीच कसोटी मोडीच्या वेळी, म्हणजे जुना दागिना मोडायला आणला की, लागते. जुना दागिना गिऱ्हाइकासमोर तोलणे, घट किती आणि का धरली ते कागदावर लिहून देणे, बिलात वजन, शुद्धता आणि घडणावळ वेगवेगळी दाखवणे, यावर पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाइकी टिकते. सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (हॉलमार्कच्या दागिन्यावरचा ओळख क्रमांक) असलेला दागिना आता गिऱ्हाईक मोबाईलवरच पडताळतो. हॉलमार्कच्या (शुद्धतेची अधिकृत खूण असलेल्या) दागिन्यात शुद्धता कमी निघाली, तर फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च द्यावा लागतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित प्रथा आहे. हे झाले किमान कर्तव्य. पत त्याच्या वरच्या वागणुकीने वाढते.

पेढी विकली की पतही विकली जाते. विकणाऱ्याला मग जुन्या नावाने धंदा करता येत नाही, की जुनी गिऱ्हाइके ओढता येत नाहीत. पण बागेत जाणारा फिटर किंवा मोड पारखणारा कारागीर निघून गेला, तर गिऱ्हाईक त्याच्या मागे जाते. म्हणून घेणारा त्यांना निदान एक हंगाम ठेवून घेतो, आणि उधारीची वही हाती आल्यावर वसुलीआधी प्रत्येक खातेदाराला एकदा भेटून येतो.