मरीन बायॉलॉजीला प्रवेश: वाट कुठून, पात्रता काय, कागद कोणते

बारावीनंतर थेट मरीन बायॉलॉजीची, म्हणजे समुद्री जीवशास्त्राची, डिग्री शोधायला बसाल तर फारसं काही हाती लागत नाही. आपल्या देशात हा विषय मुख्यतः एम.एस्सी.ला आहे. आधी बी.एस्सी. करायची, मग समुद्राकडे वळायचं. बी.एस्सी.ला झूऑलॉजी सगळ्यात सोयीचं. बॉटनी, मायक्रोबायॉलॉजी किंवा लाइफ सायन्सेसवाल्यांनाही बऱ्याच ठिकाणी दार उघडं असतं. तेव्हा अकरावीत गणिताच्या नादाने बायॉलॉजी सोडू नका.

दुसरी वाट बी.एफ.एस्सी.ची, म्हणजे चार वर्षांच्या मत्स्यशास्त्राची. रत्नागिरीजवळ शिरगावला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय 1981 पासून आहे. पण हा अभ्यासक्रम मत्स्यशेती, मासेमारी आणि प्रक्रियेकडे झुकलेला. प्रवाळ, प्लवक, कासवं यांत जीव रमत असेल तर बी.एस्सी.च बरी. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था आहे, पण तिथल्या एम.एफ.एस्सी.ला, म्हणजे मत्स्यशास्त्राच्या पदव्युत्तर डिग्रीला, साधारणपणे बी.एफ.एस्सी. लागते. झूऑलॉजी करून नंतर तिकडे वळू, हा हिशेब बहुधा फसतो.

एम.एस्सी.साठी महाराष्ट्रातून जवळचं म्हणजे कर्नाटक विद्यापीठाचं कारवारचं केंद्र. शिवाय कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ, तमिळनाडूत परंगीपेट्टईला अण्णामलाई विद्यापीठाचं केंद्र आणि पाँडिचेरी विद्यापीठाचा अंदमानातला, पोर्ट ब्लेअरचा (आताचं श्री विजयपुरम) विभाग. पाँडिचेरी केंद्रीय विद्यापीठ असल्याने तिथे सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशाची सामायिक परीक्षा द्यावी लागते. कोचीनची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. तिचं नाव कॅट असलं तरी एमबीएच्या कॅटशी तिचा काही संबंध नाही. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही अर्ज करता येतो. गुणांची अट विद्यापीठागणिक बदलते, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक उघडून पात्रतेचा रकाना आणि पेपरचा कोड आधी बघा. चुकीचा पेपर निवडला तर चांगला स्कोअरही वाया जातो.

सीयूईटी-पीजीचे अर्ज हिवाळ्यातच सुटतात, डिग्रीचा निकाल लागेपर्यंत थांबलात तर गाडी चुकली. आणि परीक्षा दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही. स्कोअर आल्यावर विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी करून वेगळी फी भरावी लागते. ती राहिली तर मेरिट लिस्टमध्ये नावच येत नाही.

आता कागद. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, बी.एस्सी.च्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, फोटो, आधार, आणि दुसऱ्या विद्यापीठात जायचं म्हणून मायग्रेशन सर्टिफिकेट. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच भरा. आपल्या बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. पडताळणीच्या टेबलावर एवढ्यावरूनही अडवतात.

सगळ्यात जास्त घोळ जातीच्या दाखल्याचा. केंद्रीय विद्यापीठात ओबीसी जागा हवी असेल तर राज्याचा नॉन-क्रिमीलेअर चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. भटक्या-विमुक्तांना केंद्राकडे वेगळा कोटा नाही. त्यांनीही आपली जात केंद्राच्या ओबीसी, एससी किंवा एसटी यादीत आहे का ते तपासावं. राज्याचं मराठा समाजासाठीचं एसईबीसी आरक्षण तिथे लागू नाही. मराठा उमेदवारांनी उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा आणि मालमत्तेच्या अटी बघून ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला काढावा, तोही प्रवेशाच्या आर्थिक वर्षाचा. सेतू केंद्रात अर्ज टाकतानाच ‘केंद्रासाठी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर राज्याचाच नमुना हातात पडतो.

प्रवेशाच्या दिवसापर्यंत डिग्रीचा निकाल लागला नसेल तर बहुतेक ठिकाणी हमीपत्र घेऊन तात्पुरता प्रवेश देतात. त्यावर गुणपत्रिका देण्याची शेवटची तारीख असते. ती उलटली तर प्रवेश रद्द होऊ शकतो. म्हणून आपल्या विद्यापीठाचा निकाल रखडण्याची चिन्हं दिसली, तर परीक्षा विभागाकडून तसं पत्र आधीच मागून ठेवा.