वडिलांचे ऑईल आणि तुमची गाडी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

गाडी सर्व्हिसिंगला सोडताना अनेक ग्राहक आम्हांला आवर्जून सांगतात, "वडील टाकायचे तेच ऑईल टाका." त्यामागची भावना आम्हांला परकी नाही, कारण हे गॅरेज आमच्या वडिलांनी सुरू केले आणि पाना धरायला आम्ही त्यांच्याच हाताखाली शिकलो. तरीही काही गाड्यांच्या बाबतीत ही विनंती आम्ही आनंदाने मान्य करतो आणि काहींच्या बाबतीत नम्रपणे नाकारतो. असे का, हे नीट सांगावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसी इंजिनाची आणि स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली. महिन्याच्या पहिल्या रविवारी इंजिन गार असतानाच वडील बॉनेट उघडत, ऑईल मोजण्याची पट्टी काढून जुन्या धोतराच्या चिंधीने पुसत, ती पुन्हा आत घालून बाहेर काढत आणि उजेडात आडवी धरून पाहत. ऑईल बदलायचे असले की मात्र आधी गाडी गावाबाहेर एक चक्कर मारून आणत, कारण गरम ऑईल पातळ होते आणि तळाशी बसलेला गाळ सोबत घेऊन बाहेर पडते. नव्या पत्र्याच्या डब्याला ते समोरासमोर दोन भोके पाडत, एक ओतण्यासाठी आणि दुसरे हवा आत जाण्यासाठी. नरसाळ्यातून उतरणाऱ्या त्या मधाच्या रंगाच्या धारेचा वास आम्हांला अजून आठवतो. दर ३,००० किलोमीटरला हे काम होई आणि तारीख, किलोमीटर व ऑईलचे माप एका वहीत लिहिले जाई.

डब्यावरचे नाव मात्र बदलत राहिले. एस्सोचा भारतातील व्यवसाय १९७४ साली सरकारने ताब्यात घेतला आणि त्यातून हिंदुस्तान पेट्रोलियम उभी राहिली, १९७६ साली बर्मा-शेलही सरकारी झाली आणि पुढे तिचे भारत पेट्रोलियम झाले, तरी गावात कुठल्याही इंजिन ऑईलला मोबिलच म्हणत. कॅस्ट्रॉल हे नाव तर एरंडाच्या इंग्रजी नावावरून आले आहे. एरंडेल मिसळलेल्या या वंगणाला १९०९ साली ते नाव मिळाले. आमच्या अनुभवानुसार कंपनीच्या नावापेक्षा डब्यावरचा आकडा महत्त्वाचा असतो, आणि वडिलांच्या पद्मिनीचा आकडा होता २०डब्ल्यू-५०.

यातील डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑईल किती सहज वाहते ते सांगतो आणि तो जितका लहान, तितके ऑईल गार असताना पातळ. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेल्या जाडपणाचा असतो. पद्मिनीसारख्या इंजिनात फिरत्या भागांमधील फट आजच्यापेक्षा मोठी असे, झीज होत गेली की ती आणखी वाढे, आणि चोक ओढून गाडी सुरू केल्यावर न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरून ते पातळ करत असे. शिवाय त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे असे आणि त्याचे क्षारही ऑईलमध्येच जमत. उन्हाळ्यात भरलेली गाडी घेऊन खंबाटकी घाट चढताना ऑईलचा दाब टिकून राहावा, यासाठी जाड ऑईल निवडणे आणि ते लवकर लवकर बदलणे हे दोन्ही निर्णय त्या गाडीसाठी अगदी योग्य होते.

आजच्या अनेक पेट्रोल गाड्यांना कंपनी ०डब्ल्यू-२० आणि काहींना ०डब्ल्यू-१६ सुचवते. ही ऑईले पाण्यासारखी दिसतात आणि जुन्या वळणाच्या माणसाला त्यांचा भरवसा वाटत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु या इंजिनांतील फटी बारीक आहेत, ऑईलच्या वाटा अरुंद आहेत, आणि व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा बहुधा ऑईलच्याच दाबावर चालते. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतःच्या नव्या गाडीत वडिलांच्या आठवणीखातर २०डब्ल्यू-५० भरले होते. पहाटे गाडी सुरू केली की वरच्या बाजूने काही क्षण कटकट ऐकू येई, कारण जाड ऑईल व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंत पोहोचायला वेळ लागत होता, आणि इंजिन सुरू होतानाच्या अशा क्षणांतच त्याची झीज मोठ्या प्रमाणावर होते. मायलेजही कमी झाले. पंधरा दिवसांत आम्ही ते ऑईल काढले, आणि तेव्हापासून ग्राहकाच्या गाडीत कंपनीने सुचवलेल्या ग्रेडबाहेरचे ऑईल भरायचे नाही, असे ठरवले.

चूक उलट दिशेनेही होते. वडिलांची जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर जपून ठेवणारे काही हौशी मालक तिला सर्वांत महाग, सर्वांत नवे, पातळ सिंथेटिक ऑईल घाला म्हणतात. आजच्या गाड्यांतील, धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला अपाय होऊ नये म्हणून अशा ऑईलमधील जस्त आणि फॉस्फरस असलेला झीजरोधक घटक कमी केलेला असतो, आणि जुन्या इंजिनातील कॅम व त्यावर घासणारे टॅपेट यांना नेमका तोच लागतो. त्यातच जुन्या सिलमधून पातळ ऑईल झिरपून फरशीवर डाग पडतात. अशा गाड्यांसाठी आम्ही २०डब्ल्यू-५० मिनरल ऑईल मुद्दाम शिल्लक ठेवतो.

ऑईल काळे पडले म्हणजे वाया गेले, ही समजूतही आम्हांला वारंवार आढळते. ऑईलमधील साफ करणारे घटक काजळी सोडवून आपल्यात धरून ठेवतात म्हणून ते काळे दिसते. डिझेल गाडीत तर ते काही दिवसांतच काळे होते. बदलण्याची वेळ किलोमीटर आणि महिने या दोहोंपैकी जे आधी भरेल त्यावरून ठरवावी. ज्यांची गाडी फक्त बाजारहाटापुरती निघते त्यांनी महिन्यांकडे अधिक लक्ष द्यावे, कारण इंजिन पुरेसे तापत नसल्याने ओलावा आतच राहतो. बीएस-६ डिझेल गाडीला धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असेल, तर कमी राख सोडणारे ऑईलच लागते आणि यात आम्ही कोणतीही तडजोड करत नाही. उरलेले कारचे ऑईल मोटारसायकलमध्ये ओतण्याची जुनी सवयही कृपया सोडावी. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो आणि चुकीच्या ऑईलने तो घसरू लागतो. तिथे डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ (मोटारसायकलच्या ऑईलचे जपानी मानक) असे लिहिलेलेच ऑईल घालावे.

सीलबंद डबा आम्ही ग्राहकासमोर उघडतो आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडतो, कारण चांगले डबे पुन्हा भरून बनावट ऑईल विकले जाते. काढलेले ऑईल घरी मागणारे ग्राहकही आहेत. वाळवी लागू नये म्हणून त्यांचे वडील दाराच्या चौकटींना आणि कुंपणाच्या खांबांना जळके ऑईल लावत, आमच्याही घरी हेच होत असे. परंतु त्यात जड धातू आणि कातडीला अपायकारक पदार्थ असतात, पावसाळ्यात ते धुऊन मातीत व विहिरीत उतरते, आणि कायद्यानेही ते घातक कचऱ्यात मोडते. म्हणून आम्ही ते पिंपात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच देतो.

तुमच्याकडे वडिलांची गाडी असेल आणि तिच्या ऑईलच्या नोंदींची वहीही असेल, तर पहिल्या सर्व्हिसिंगला ती अवश्य सोबत आणावी. दोन बदलांच्या मध्ये किती ऑईल वरून घालावे लागले, हे वर्षानुवर्षे लिहिलेले असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे बोअर (आतली भिंत) किती वेगाने झिजले याचा अंदाज आम्हांला इंजिन न उघडता येतो, आणि अनावश्यक खर्च टळतो. काम झाल्यावर नवी नोंद आम्ही त्याच वहीत, शेवटच्या ओळीखाली करून देऊ.