बोटीचा तळ पाण्यातच घासून घेताना: खर्च, वेळ आणि रंगाची काळजी

गेटवेसमोर मूरिंगवर (पाण्यातच बांधून) बोट ठेवणाऱ्या मालकांसाठी

बोट नेहमीच्या आरपीएमला नेहमीएवढी पळत नाही, इंजिनाच्या तापमानाचा काटा रोजच्यापेक्षा वर राहतो, वळवताना सुकाणू जड लागतं. आम्हाला बहुतेक फोन येतात ते या टप्प्याला. तोवर तळावर कवचं धरलेली असतात आणि घासायच्या जागी खरवडावं लागतं. खरवडलं की तळावर जीव धरू न देणारा रंग जातो. तळ पाण्यात साफ करून घेण्यात जपायची मुख्य गोष्ट तुमच्या बोटीचा हा रंगच आहे आणि त्याच हिशेबाने हे पत्रक लिहिलं आहे.

तळावर काय धरतं

स्वच्छ तळ पाण्यात उतरला की काही तासांतच त्यावर जिवाणूंचा पातळ थर बसतो. दिवसागणिक तो बुळबुळीत होत जातो. हात फिरवला तर निघतो, म्हणून मालक दुर्लक्ष करतात. त्याच्या मागोमाग बार्नेकलची, म्हणजे कवच करून चिकटून राहणाऱ्या छोट्या समुद्री जिवांची, पिल्लं येतात. ती तळावर अक्षरशः चालून जागा निवडतात, डोक्याच्या बाजूने स्वतःला चिकटवून घेतात आणि भोवती चुन्याचं कवच बांधायला लागतात. पहिले काही दिवस हे कवच नखानेही निघतं. एकदा पाच-सहा मिलिमीटरचं झालं की प्लास्टिकची पट्टी पुरत नाही.

परदेशी पुस्तकांत थंडीच्या मोसमात तळाकडे पाहायची फारशी गरज नाही असं लिहिलेलं असतं. तिथलं पाणी गार पडतं, वाढ थांबते. मुंबईच्या पाण्याला तसा हिवाळा नाही, म्हणून ते वेळापत्रक इथे लावू नका. आपलं पाणी गढूळ असल्याने हिरवं शेवाळ मुख्यतः पाण्याच्या रेषेलगत, जिथे ऊन पोचतं तिथे दिसतं. वरून बोट बरी दिसते. खाली मात्र बार्नेकल, कालवं, नळीतले किडे आणि शिंपल्या असतात. सगळ्यात जास्त वाढ प्रोपेलरवर, शाफ्टवर (प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्यावर) आणि समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या जाळ्यांवर असते, कारण तिथे बऱ्याचदा तळाचा रंग नसतो.

याचा इंधनाशी किती संबंध आहे? अमेरिकेच्या नौदल अकादमीतले मायकेल शुल्झ यांनी २००७ साली एका युद्धनौकेसाठी हिशेब मांडला. १५ नॉटला (ताशी सुमारे २८ किलोमीटर) तोच वेग राखायला पातळ बुळबुळीत थरामुळे ११ टक्के, जाड थरामुळे २१ टक्के आणि दाट कवचांमुळे ८६ टक्के जास्त ताकद लागते, असा तो हिशेब आहे. तुमच्या ३६ फुटी बोटीला हेच आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण क्रम तोच राहतो. नुसता बुळबुळीत थरसुद्धा डिझेल खातो.

रंग कोणता आहे, ते आधी सांगा

तळाचे रंग ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक झिजणारा: बोट चालली की वरचा पापुद्रा सुटत जातो आणि खालचं ताजं तांबं उघडं पडतं; जिवांना धरू देत नाही ते हे तांबं. दुसरा कडक: तो झिजत नाही, आतलं तांबं हळूहळू पाझरतं. पूर्वीचे कथिलयुक्त टीबीटी रंग फार प्रभावी होते, पण शिंपल्या-गोगलगायींवर त्यांचे भयंकर परिणाम दिसल्यावर १७ सप्टेंबर २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने ते बंद झाले. आज बाजारात मिळणारे बहुतेक रंग तांब्याचे आहेत. बोट ॲल्युमिनियमची असेल तर नेहमीचा तांब्याचा रंग चालत नाही. तांबं ॲल्युमिनियमला खातं.

झिजणाऱ्या रंगावर आमचा माणूस आधी मऊ स्पंज किंवा जुन्या गालिच्याचा तुकडा फिरवतो, ब्रश नाही. कडक रंगावर नायलॉनचा ब्रश चालतो. लोखंडी पट्टी फक्त प्रोपेलर, शाफ्ट आणि मोठ्या कवचांसाठी. स्वच्छ पाण्यात रंगाचा ढग उठताना दिसतो आणि पाणबुड्या हात आवरतो. आपल्या बंदरात स्वतःचा कोपर दिसत नाही, काम स्पर्शावर चालतं. म्हणून आमच्या पद्धतीत पाणबुड्या दर काही फुटांनंतर स्पंज वर देतो आणि होडीतला माणूस तो उन्हात पिळून पाहतो. पाणी तपकिरी निघालं तर तो गाळ आणि शेवाळ आहे, पुढे चला. निळं किंवा लाल निघालं तर रंग सुटतोय. दाब कमी करायचा, तरी सुटत असेल तर त्या भागाचं काम तिथेच थांबवायचं. थांबवलेल्या भागाचे पैसे आम्ही लावत नाही.

रंग पाण्यात सोडणं आम्हाला मान्य नाही, याला पैशांखेरीज आणखी एक कारण आहे. सुटलेलं तांबं गाळात बसतं आणि त्याच गाळावर खाडीतल्या कोळ्यांचे खेकडे आणि शिंपल्या पोसतात. रंग पापुद्रे धरून सोलत असेल तर आम्ही पाण्यात काम घेत नाही. अशी बोट यार्डातच, म्हणजे बोटी पाण्याबाहेर काढून दुरुस्त करतात तिथे, न्या.

मोठं बार्नेकल खरवडलं की मागे पांढरी गोल चकती राहते. ती दिसली की मालकांना वाटतं, काम अर्धवट झालं. ती मुद्दाम ठेवलेली असते. ती उपटायला गेलं तर खालचा प्रायमर (रंगाखालचा पहिला हात) निघतो आणि त्या टिचभर उघड्या जागेत पुढची दहा बसतात. पावसाळ्यात बोट वर घेतल्यावर सॅण्डपेपरने काढा.

नवा रंग लावल्यावर पहिले सुमारे तीन महिने तळाला हात न लावणंच बरं. प्रोपेलर आणि जाळ्या तेवढ्या बघून घ्याव्यात.

खर्च

आमचा दर बोटीच्या एकूण लांबीवर, फुटाला २२० रुपये. यात पाणबुड्या, वर थांबणारा माणूस, होडी आणि प्रोपेलर-शाफ्ट-जाळ्यांची सफाई आली. जीएसटी वेगळा. २५ फुटांखालच्या बोटीला २५ फुटांचा दर. दोन तळांच्या कॅटामरानला दीडपट. कवचं दाट असतील तर दर दुप्पट होतो, कारण वेळ दुपटीहून जास्त जातो आणि हातमोजे, सूट फाटतात. नुसता प्रोपेलर आणि जाळ्या करायच्या असतील तर ३,००० रुपये.

आता ३६ फुटी शिडाच्या बोटीचा हिशेब करू. एका वेळचे ७,९२० रुपये. ऑक्टोबर ते मे, दर पाच आठवड्यांनी, म्हणजे मोसमात सात वेळा: ५५,४४०. दुसरा मालक मोसमात दोनदाच बोलावतो, दोन्ही वेळा कवचं दाट. त्याचे १५,८४० प्रमाणे ३१,६८० होतात. म्हणजे आमचं बिल उशिरा बोलावणाऱ्याला २३,७६० रुपयांनी कमी येतं, हे उघड आहे आणि लपवायचं कारण नाही. पण दोनदा खरवडलेल्या तळावर मोसमाअखेर रंग शाबूत राहत नाही. पुढच्या वेळी रंगाचा वरचा एक हात देऊन भागत नाही; प्रायमरपासून सुरुवात करावी लागते. क्रेनचं भाडं, यार्डातले दिवस आणि रंगाचे जास्तीचे डबे यांचा भाव तुमच्या यार्डाकडून घ्या आणि त्यात हे २३,७६० मांडून बघा. मधल्या महिन्यांतलं डिझेल त्यात धरलेलंच नाही.

तरीही सगळ्यांना आम्ही पाच आठवडे सांगत नाही. दर रविवारी मांडव्याला जाऊन येणारी बोट आणि महिनोन्‌महिने जागची न हलणारी बोट यांची गरज वेगळी असते. उभ्या बोटीवर वाढ जास्त होते, आणि झिजणारा रंग तर बोट चालल्याशिवाय नीट काम करत नाही. तुम्ही महिन्यातून एकदाही बाहेर पडत नसाल तर कडक रंग घ्या, मऊ स्पंजने नियमित पुसून घ्या, आणि जमेल तेव्हा एखादी फेरी मारा. फेरीचा उपयोग आमच्या ब्रशपेक्षा कमी नाही.

जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांतही थर पातळ असताना केलेली सफाई आणि कवचं धरल्यावरची सफाई या वेगळ्या मानल्या आहेत.

करंजा, मोरा, ससून डॉकच्या मच्छीमार बांधवांपैकी कोणी विचारलं तर आम्ही सरळ सांगतो: बोट किनाऱ्याला टेकवता येत असेल तर उधाणाच्या भरतीला वर लावा, ओहोटीत तळ उघडा पडला की घासा. स्वस्तात आणि चांगलं होतं. खोल कीलच्या (तळाखाली उतरलेल्या कण्याच्या) बोटींना हे जमत नाही, म्हणून त्यांना पाणबुड्या लागतो.

झिंक

शाफ्ट, सुकाणू आणि तळावर बसवलेले जस्ताचे तुकडे स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतात. प्रत्येक सफाईत आम्ही ते चाचपून बोटीच्या नोंदीच्या कार्डावर किती उरले ते लिहितो. निम्मे झाले की बदला. तुकडा तुमचा असेल तर बसवण्याचे पैसे नाहीत, पाणबुड्या खाली असतोच. त्यांच्यावर चुकूनही रंग लावू नका, रंगवलेलं झिंक काही करत नाही. एका मोसमाच्या आतच ते संपत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. बोटीत कुठेतरी वीज गळत असण्याची शक्यता आहे.

कधी येऊ शकतो

उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या घरात जातो आणि मूरिंगवर पाणी इतकं ओढतं की माणूस तळाला धरून राहू शकत नाही. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, ओढ कमी असते. म्हणून आमच्या तारखा अष्टमी ते दशमीच्या आसपास पडतात आणि वेळ पाणी थांबण्याची. रविवारच हवा, असा आग्रह धरलात तर कधी कधी पंधरा दिवस थांबावं लागतं. आमच्या कामात पाणबुड्या एकटा पाण्यात उतरत नाही. दोन माणसं बघून दर जास्त वाटला तर एवढं लक्षात घ्या. कमी पैशांत एकटा माणूस उतरवणारे मिळतात. त्यांना तुमच्या बोटीखाली जाऊ देऊ नका.

आम्ही येण्याआधी इंजिनाची किल्ली काढून होडीतल्या माणसाच्या हातात द्या. काम संपेपर्यंत ती त्याच्याकडेच राहील. जनरेटर बंद ठेवा, कारण त्याचा धूर पाणबुड्याला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये गेला तर खालच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. बोटीवरचं शौचालय वापरू नका. शिडाच्या काठीवर पाणबुड्या खाली असल्याचा निळा-पांढरा झेंडा आम्ही लावतो, तो उतरवेपर्यंत शेजारच्या बोटींनाही सावकाश जायला सांगा. पाण्याखालचे फोटो मिळतील, पण आपल्या पाण्यात ते वीतभर अंतरावरूनच येतात. पूर्ण तळाचं चित्र फोटोत नाही, कार्डावर मिळेल.

नोंदणी करताना बोटीची लांबी, तळ फायबरचा, लाकडी की धातूचा, रंगाचं नाव आणि तो लावल्याची तारीख, शेवटची सफाई कधी झाली, आणि वेगमापकाचं चाक व खोली मोजणारं यंत्र तळावर नेमकं कुठे आहे, एवढं कळवा. रंगाचा रिकामा डबा सापडला तर त्यावरच्या लेबलाचा फोटो पाठवा.