कॅलिफोर्नियात बॅकयार्डमध्ये दुसरं घर बांधायचंय? एसबी ९ चा अर्ज आणि कागदपत्रं

फ्रीमाँट, सनीव्हेलकडे आपल्या बऱ्याच लोकांची जुनी घरं आहेत, मागे भलंमोठं बॅकयार्ड नुसतं पडलेलं. एसबी ९ (सिनेट बिल ९) हा कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, त्यात सिंगल-फॅमिली झोनमधल्या, म्हणजे एका कुटुंबाच्या एकाच घरासाठी राखलेल्या भागातल्या प्लॉटवर दोन घरं बांधता येतात, किंवा प्लॉटचेच दोन भाग करता येतात, दोन्ही केलं तर एकूण चार घरांपर्यंत जाता येतं.

पण आधी प्लॉट तोडायचाय का ते ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नुसतं भाड्यानेच द्यायचं असेल तर माझ्या मते स्प्लिटच्या भानगडीत पडूच नका. तोडायचा म्हटलं की तिथल्याच एका घरात मी किमान ३ वर्षं राहणार आहे असं अॅफिडेविट द्यावं लागतं, शिवाय लहान तुकडा मूळ प्लॉटच्या ४० टक्के तरी हवा आणि १,२०० चौरस फुटांच्या खाली नको, आणि एकदा एसबी ९ खाली तोडलेला प्लॉट परत तोडता येत नाही. वेगळं विकायचं असेल तरच हा खटाटोप.

कोणाला चालत नाही? प्लॉट ऐतिहासिक डिस्ट्रिक्टमध्ये असेल तर नाही. आणि ज्या घरात गेल्या ३ वर्षांत भाडेकरू राहिलाय ते पाडून जमणार नाही, म्हणजे भाडेकरूला काढलं आणि लगेच अर्ज टाकला असं होत नाही.

कागद म्हणाल तर सिटीच्या प्लॅनिंग खात्याचा फॉर्म, मालकीचा पुरावा, स्केलवर काढलेला साइट प्लॅन, भाडेकरूंबद्दलचं डिक्लेरेशन, आणि स्प्लिट असेल तर लायसन्सवाल्या सर्व्हेयरकडून पार्सल मॅप, म्हणजे प्लॉटच्या तुकड्यांचा नकाशा. प्रत्येक सिटीची चेकलिस्ट थोडी वेगळी असते, तीच धरून चाला. घरावर लोन असेल तर बँकेशी आधीच बोला, कारण गहाण अख्खा प्लॉट असतो. एचओएचे (घरमालकांच्या सोसायटीचे) नियम पण वाचा, एसबी ९ त्यांना सरसकट रद्द करत नाही.

सुनावणी वगैरे नसते, शेजाऱ्यांनी कितीही नाकं मुरडली तरी नियमात बसलं की मंजुरी द्यावीच लागते. २०२५ पासून तर पूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय नाही आला तर तो मंजूर धरला जातो. बाजूला आणि मागे ४ फुटांपेक्षा जास्त जागा सोडायला सिटी सांगू शकत नाही आणि ८०० चौरस फुटांचं घर अडवू शकत नाही. एअरबीएनबीचा विचार मात्र सोडा, ३० दिवसांपेक्षा जास्त मुदतीनेच भाड्याने द्यावं लागतं.